निवड कोणी कोणाची करावी?
नेदरलँड्सच्या आरोग्यविम्याची शंभर वर्षांची वाटचाल

विमा म्हणजे मुळात वाटून घेतलेली चिंता. शंभर कुटुंबांनी दरमहा थोडे थोडे पैसे एका पेटीत टाकावेत आणि ज्याच्या घरी आजारपण येईल त्याचा औषधपाण्याचा खर्च त्या पेटीतून भागवावा, इतकी ती साधी कल्पना आहे. पेटी त्या शंभर कुटुंबांचीच असते तोवर कोणाला आत घ्यावे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. शेजारी तो शेजारीच, मग त्याला दमा असो वा नसो. पण पेटी सांभाळणे हा ज्याचा धंदा झाला, त्याला मात्र हा प्रश्न रोज पडतो. तरुण, धडधाकट माणूस हप्ता देतो आणि क्वचितच काही मागतो. वृद्ध, मधुमेही माणूस तेवढाच हप्ता देतो आणि वर्षभर मागत राहतो. मासळीबाजारात गिऱ्हाईक पाटीतले ताजे मासे तेवढे वेचून घेते, तसाच विमा कंपनीचा हात निरोगी माणसांकडे वळतो. यात दुष्टपणा असतोच असे नाही. तिचे गणितच तसे असते. मेडिक्लेमच्या कागदावर 'आधीपासूनचे आजार' हे शब्द ज्या वाचकांनी वाचले आहेत, त्यांना हे गणित अनोळखी नाही.

मग खाजगी विमा कंपन्यांच्या हाती एका अख्ख्या राष्ट्राच्या आजारपणाची जबाबदारी सोपवता येईल काय? आणि सोपवलीच, तर दुबळ्या, दीर्घकाळ आजारी माणसाला दारातून परत जावे लागणार नाही याची हमी कोणी द्यावी? नेदरलँड्स या सुमारे एक कोटी साठ लाख वस्तीच्या देशाने १ जानेवारी २००६ रोजी हे धाडस केले. त्या दिवसापर्यंत तो देश कसा पोहोचला, हे समजून घेणे उद्‌बोधक आहे. कारण या वाटचालीतील प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या अपयशातून जन्मला आहे.

पेटी आणि तिचे रखवालदार

जुन्या काळी डच शहरांतील कारागिरांचे संघ, म्हणजे गिल्ड, आपल्या आजारी सभासदांसाठी पैशाची पेटी राखीत असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच प्रभावाखाली हे संघ बरखास्त झाले आणि त्यांच्याबरोबर त्या पेट्याही गेल्या. एकोणिसाव्या शतकात त्यांची जागा 'झीकेनफाँड्स' नावाच्या संस्थांनी घेतली. आपण त्यांना रुग्णनिधी म्हणू. कोठे डॉक्टरांनी, कोठे कामगारांच्या संघटनांनी, तर कोठे परोपकारी नागरिकांनी असे निधी काढले. आठवड्याला थोडी वर्गणी भरावी आणि गरजेला डॉक्टर व औषध मिळावे, असा त्यांचा व्यवहार होता.

डच समाज त्या काळी जणू निरनिराळ्या खांबांवर उभा होता. कॅथलिकांच्या शाळा, वृत्तपत्रे, कामगार संघटना व रुग्णालये वेगळी, प्रोटेस्टंटांची वेगळी आणि समाजवाद्यांची आणखी वेगळी. घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थांतही ही विभागणी होती. 'ग्रीन क्रॉस' ही सर्वांसाठी, तर कॅथलिकांची 'व्हाइट-यलो क्रॉस' निराळी. आजारी माणसाची काळजी सरकारने नव्हे, तर समाजाने आपापल्या संस्थांमार्फत घ्यावी, ही भावना या लोकांत खोलवर रुजली होती. पुढच्या साऱ्या इतिहासावर तिची छाया पडलेली आहे.

शेजारच्या जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांसाठी सक्तीच्या आजारविम्याचा कायदा केला. डच राज्यकर्त्यांना मात्र तसे पाऊल उचलणे अवघड गेले. विमा हवा याविषयी फारसे दुमत नव्हते. पेटीची किल्ली कोणाकडे राहावी यावर मतभेद होते. सरकारकडे, कामगारांकडे, मालकांकडे की डॉक्टरांकडे? डॉक्टरांच्या संघटनेने १९१२ च्या सुमारास आपल्या अटी स्पष्टपणे मांडल्या. रुग्णाला डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य असावे आणि निधीत केवळ मर्यादित उत्पन्नाच्या लोकांनाच प्रवेश मिळावा, म्हणजे सुस्थित रुग्ण पूर्ण शुल्क देत राहतील. पेशाने पाद्री असलेले मंत्री ताल्मा यांनी १९१३ साली आजारविषयक कायदा संमत करून घेतला खरा, पण त्याने बुडालेल्या मजुरीची भरपाईच तेवढी मिळणार होती. आणि तो कायदाही अंमलात येण्यास १९३० साल उजाडले!

परक्यांनी लादलेला कायदा

लोकशाही संसदेला जे इतक्या वर्षांत साधले नाही, ते अखेर शत्रूच्या हुकुमाने घडले, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापले. १९४१ साली व्यापक सत्तेने रुग्णनिधींविषयी एक फर्मान काढले आणि ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लागू झाले. ठरावीक मर्यादेखाली पगार असलेल्या प्रत्येक नोकरदाराला रुग्णनिधीत सामील होणे बंधनकारक झाले. वर्गणीचा अर्धा भार मालकावर, अर्धा कामगारावर. आणि कामगाराच्या कुटुंबीयांना वेगळी वर्गणी नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर हे परकीय फर्मान रद्द करावे असे कोणालाही वाटले नाही. ते बदलत बदलत टिकले आणि १९६४ च्या रुग्णनिधी कायद्याने त्याची जागा घेतली. तो कायदा १९६६ पासून अंमलात आला.

एका घरात तीन पंक्ती

तथापि या व्यवस्थेने एकाच घरात तीन पंक्ती मांडल्या. पहिल्या पंक्तीत सक्तीचा विमा असलेले नोकरदार. दुसरीत लहान दुकानदार, शेतकरी, स्वतंत्र व्यावसायिक. त्यांना रुग्णनिधीत स्वेच्छेने येता येई. तिसरीत सुस्थित लोक, जे खाजगी कंपन्यांकडून विमा घेत. अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी १९५७ साली आणखी एक वेगळी व्यवस्था करावी लागली.

या पंक्तींबाहेर राहिलेला एक मोठा प्रश्न खेरार्ड फेल्डकाम्प या मंत्र्यांनी हाती घेतला. ते कॅथलिक पीपल्स पार्टीचे नेते होते. मतिमंद मूल, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेला रुग्ण, शुश्रूषागृहातील वृद्ध यांचा भार कोणत्याही खाजगी कंपनीला पेलणारा नव्हता. तो पेलण्याची तिची इच्छाही नव्हती. म्हणून १ जानेवारी १९६८ पासून अशा असाधारण खर्चासाठी प्रत्येक नागरिकाला लागू होणारा राष्ट्रीय विमा सुरू झाला. ज्या जोखमीला बाजार हात लावीत नाही ती संपूर्ण राष्ट्राने एकत्र उचलायची, हा निर्णय येथे झाला. पुढे खाजगी विम्यावर सारी भिस्त ठेवतानाही डच लोकांनी हा भार कंपन्यांच्या अंगावर टाकला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दरम्यान दुसऱ्या पंक्तीला गळती लागली. खाजगी कंपन्यांनी वयानुसार हप्ते आकारण्यास आरंभ केला. तरुणांना स्वस्त, वृद्धांना महाग. निरोगी तरुण दुकानदार रुग्णनिधी सोडून कंपन्यांकडे जाऊ लागले. मागे राहिले वृद्ध आणि आजारी. त्यांच्यामुळे निधीचा खर्च वाढला, म्हणून वर्गणी वाढली. वर्गणी वाढली म्हणून आणखी काही निरोगी माणसे निघून गेली. असे हे दुष्टचक्र.

अखेर १९८६ साली सरकारने स्वेच्छेचा रुग्णनिधीच बंद केला आणि दुसरा कायदा करून खाजगी कंपन्यांना बजावले की वृद्धांना व विशिष्ट अर्जदारांना ठरावीक हप्त्यात ठरावीक लाभांची पॉलिसी नाकारता येणार नाही. तिच्यात होणारा तोटा साऱ्या खाजगी विमाधारकांनी अधिभाराच्या रूपाने वाटून घ्यायचा. कंपनीची निवड करण्याची मुभा येथे प्रथम कायद्याने आकुंचित झाली. ज्यांनी वृद्धांना बाहेर ठेवून स्वस्ताई मिळवली होती, त्यांच्याच हप्त्यात त्या वृद्धांचा वाटा परत आला.

डेकर समितीचा आराखडा

खर्च फुगत होता, नियमांचे जंगल वाढत होते, आणि एकाच रस्त्यावरील दोन शेजारी निराळ्या व्यवस्थांत जगत होते. अशा वेळी सरकारने एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद फिलिप्स कंपनीचे माजी प्रमुख विसे डेकर यांना दिले. १९८७ साली समितीचा अहवाल आला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'बदलाची तयारी' असा होता.

अहवालातील विचार दोन भिन्न परंपरांतून आले होते. एक धागा जुन्या एकोप्याचा होता. सर्वांसाठी एकच मूलभूत विमा असावा आणि त्याचा बहुतांश पैसा प्रत्येकाच्या उत्पन्नानुसार गोळा व्हावा. दुसरा धागा अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ अलेन एन्थोव्हन यांनी मांडलेल्या नियंत्रित स्पर्धेच्या कल्पनेशी जुळणारा होता. विमा संस्थांनी ग्राहकांसाठी आपसांत स्पर्धा करावी आणि त्यांच्या वतीने डॉक्टर व रुग्णालयांशी दर ठरवावेत. रुग्णनिधी आणि खाजगी कंपनी यांतील भेद मिटवून दोघांनाही एकाच नियमाखाली आणावे, अशी ही योजना होती.

मजूर पक्षाचे हान्स सिमन्स यांनी १९८९ नंतर ही योजना अधिक समतेच्या दिशेने नेण्याचा प्रयत्न केला. पण मालकवर्ग, विमा कंपन्या, डॉक्टर आणि खुद्द सरकारातील सहकारी पक्ष यांच्या विरोधापुढे ती रखडली. वरवर पाहता योजना मेली असे वाटले. प्रत्यक्षात तिचे पायाभूत काम शांतपणे चालू राहिले. १९९२ पासून रुग्णनिधींना आपल्या प्रांताची वेस ओलांडून देशभर सभासद घेण्याची परवानगी मिळाली. आणि १९९३ पासून आरंभ झाला तो या साऱ्या व्यवस्थेच्या आत्म्याचा: जोखीम-समानीकरणाचा.

जोखमीचा तराजू

शब्द जड असला तरी कल्पना कठीण नाही. समजा, दोन विमा संस्था आहेत. एकीकडे बहुतेक तरुण आले, दुसरीकडे बहुतेक वृद्ध. दोघींनी सर्वांकडून सारखाच हप्ता घ्यावा असा नियम केला, तर पहिली श्रीमंत होईल आणि दुसरी बुडेल. तिचे व्यवस्थापन कितीही काटकसरीचे असो, तिच्या वाट्याला आलेली माणसेच तिला बुडवतील. शिवाय प्रत्येक संस्थेला एकच धडा मिळेल, तो असा की सेवा सुधारण्यापेक्षा आजारी माणसाला टाळणे अधिक फायद्याचे.

यावर उपाय असा. उत्पन्नानुसार गोळा झालेला पैसा एका मध्यवर्ती निधीत जमा करायचा. तेथून प्रत्येक संस्थेला तिच्या सभासदांच्या जोखमीप्रमाणे रक्कम द्यायची. तरुणामागे थोडी, वृद्धामागे अधिक. मग मधुमेही माणूस कंपनीच्या दारात आला तर तो आपली शिदोरी बरोबर घेऊनच येतो. त्याला परतवण्याचे कारण उरत नाही. उलट, त्याची चांगली व किफायतशीर काळजी घेणाऱ्या संस्थेला लाभच होतो.

पण हा तराजू अचूक हवा. १९९३ साली त्यात केवळ वय आणि लिंग यांचीच वजने होती. सत्तरीच्या दोन माणसांपैकी एक ठणठणीत आणि दुसरा मूत्रपिंडाचा रुग्ण असू शकतो, हे त्याला कळत नव्हते. पुढे राहण्याचा प्रदेश आणि उपजीविकेचे साधन यांची भर पडली. २००२ पासून माणूस कोणती औषधे दीर्घकाळ घेतो हे पाहिले जाऊ लागले, आणि २००४ पासून रुग्णालयातील निदानही. म्हणजे कंपन्यांना मोकळे रान देण्यापूर्वी डच लोकांनी दहा वर्षांहून अधिक काळ हा तराजू घासूनपुसून तयार केला.

स्वित्झर्लंडचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहावा. तेथे ४ डिसेंबर १९९४ रोजी जेमतेम बहुमताने जनतेने सक्तीचा आरोग्यविमा स्वीकारला आणि तो १९९६ पासून लागू झाला. अर्जदाराला नाकारायचे नाही, स्त्री-पुरुषांना एकच हप्ता, मूलभूत विम्यावर नफा कमवायचा नाही, असे चोख नियम त्यांनी केले. परंतु त्यांचा तराजू २०११ अखेरपर्यंत वय आणि लिंग एवढेच तोलत राहिला. परिणामी नियमाने बंद केलेली निवड मागच्या दाराने चालू राहिली. निरोगी माणसे कशी आकर्षित करावीत यावरच संस्थांची बुद्धी खर्च होत होती. २०१२ पासून आदल्या वर्षीच्या रुग्णालयवासाची आणि पुढे औषधांची गणना तेथेही होऊ लागली. नियम कागदावर कितीही कडक असो, गणित त्याच्या विरुद्ध असेल तर अखेर गणितच जिंकते.

१ जानेवारी २००६

हान्स होगरवोर्स्ट हे आरोग्यमंत्री असताना जून २००५ मध्ये नव्या कायद्यावर संसदेची मोहोर उमटली. नववर्षाच्या पहिल्या दिवशी रुग्णनिधी आणि खाजगी विमा यांतील साठ वर्षांहून जुनी भिंत पडली. तोवर देशातील सुमारे दोनतृतीयांश लोक रुग्णनिधीत होते. आता साऱ्या संस्था खाजगी कायद्याखाली आल्या आणि त्यांना नफा कमावण्याचीही मुभा मिळाली. तरी मोठ्या संस्थांची मुळे जुन्या, नफ्यासाठी नसलेल्या निधींतच राहिली.

या कायद्याची रचना थोडक्यात अशी. प्रत्येक रहिवाशाने मूलभूत विमा घेतलाच पाहिजे. कंपनीने अर्जदाराला नाकारता कामा नये. एका पॉलिसीचा हप्ता तरुणाला आणि वृद्धाला, निरोगी आणि आजारी माणसाला सारखाच. लाभ कोणते द्यायचे हे सरकार ठरवणार. दरवर्षी अखेरीस कंपनी बदलण्याचे स्वातंत्र्य. अठरा वर्षांखालील मुलांचा हप्ता नाही. तो सरकार भरते. एकूण खर्चाचा साधारण अर्धा भाग उत्पन्नानुसार मध्यवर्ती निधीत आणि उरलेला मुख्यतः प्रौढांच्या हप्त्यांतून. आरंभी हा हप्ता वर्षाला सुमारे एक हजार युरो होता. ज्यांना तो परवडणार नाही त्यांना करखात्यामार्फत साहाय्य.

पहिल्याच वर्षी सुमारे १८ टक्के लोकांनी आपली विमा संस्था बदलली. इतकी उलथापालथ पुढे क्वचितच दिसली. पण महत्त्वाची गोष्ट ही की आजारी माणूसही निर्धास्तपणे संस्था बदलू शकत होता. जुन्या व्यवस्थेत कंपनी माणसाची निवड करीत असे. आता माणूस कंपनीची निवड करू लागला. शंभर वर्षांच्या धडपडीचे सार या एका उलटापालटीत आहे.

शिल्लक राहिलेले प्रश्न

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. पहिला प्रश्न गरिबाच्या खिशाचा. हप्त्याखेरीज, विमा लागू होण्यापूर्वी प्रौढ रुग्णाने ठरावीक रक्कम स्वतः भरावी, असा नियम २००८ पासून आला. ती रक्कम १५० युरो होती. २०१६ साली ती ३८५ वर गेली. कुटुंबाच्या डॉक्टरकडे जाण्यास ती लागू नाही, पण तपासण्या व औषधांना लागते. दरवर्षी ती पूर्ण भरावी लागते ती बहुतेकदा जुनाट आजार असलेल्यालाच. म्हणजे हप्त्यात ज्याला समानतेने वागवले, त्याच्यावर दुसऱ्या वाटेने भार पडला.

दुसरा प्रश्न बाहेर राहिलेल्यांचा. कायदा लागू झाल्यावरही दोन लाखांहून अधिक लोक विम्याविना होते आणि हप्ता थकवणाऱ्यांची संख्या पुढे वाढत गेली. २००९ च्या कायद्याने थकबाकीदाराचे नाव न कापता त्याच्या उत्पन्नातून परस्पर वसुली करण्याची तरतूद केली. कागदपत्रे नसलेल्या परदेशी माणसाला मात्र हा विमा घेताच येत नाही. त्याच्या उपचारांचा खर्च डॉक्टर-रुग्णालयांना वेगळ्या तरतुदीतून मिळतो. 'सर्वांसाठी' या शब्दाच्याही सीमा असतात.

तिसरा प्रश्न डॉक्टर निवडण्याच्या हक्काचा. कंपनीने ठराविक रुग्णालयांशीच करार केले, तर खर्च आटोक्यात राहतो, पण रुग्णाच्या ओळखीचा डॉक्टर यादीबाहेर जाऊ शकतो. यादीबाहेरील डॉक्टरचा खर्च कंपनीने अजिबात न देण्याची मुभा देणारे विधेयक डिसेंबर २०१४ मध्ये वरिष्ठ सभागृहात आले, तेव्हा सत्तारूढ मजूर पक्षाच्याच तीन सदस्यांनी विरोधात मतदान करून ते पाडले. १९१२ साली डॉक्टरांनी घातलेली अट शतकानंतरही जिवंत होती! आणि स्पर्धेचा चटका रुग्णालयांनाही बसला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲम्स्टरडॅममधील स्लोटरफार्ट रुग्णालय दिवाळखोरीत निघाले आणि अवघ्या काही दिवसांत तेथील रुग्णांना अन्यत्र हलवावे लागले.

असे असूनही, डच इतिहास जो मुख्य धडा देतो तो स्पष्ट आहे. खाजगी कंपन्यांच्या आधारे सार्वत्रिक विमा उभा राहू शकतो, पण तो कंपन्यांच्या चांगुलपणावर किंवा बाजाराच्या करामतीवर उभा राहत नाही. सर्वांनी विमा घेण्याची सक्ती, कोणालाही न नाकारण्याचे बंधन, सर्वांना सारखा हप्ता, गरिबाला साहाय्य आणि जोखमीचा अचूक तराजू, या पाच खांबांवर तो उभा राहतो. त्यांतील एक जरी ढिला झाला, तरी भार पुन्हा सर्वांत अशक्त माणसाच्या खांद्यावर येतो. शिवाय क्रमही महत्त्वाचा आहे. तराजू आधी, बाजार नंतर. १९८७ च्या अहवालापासून २००६ च्या कायद्यापर्यंत एकोणीस वर्षे गेली, ती वाया गेली नाहीत.

आरोग्यविम्याची कोणतीही योजना आपल्यापुढे मांडली जाईल, तेव्हा ती सरकारी की खाजगी, एवढेच विचारून थांबणे पुरेसे नाही. तिच्या कलमांत सत्तर वर्षांच्या मधुमेही विधवेचे स्थान कोठे आहे, तिचा अर्ज नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तिला सामावून घेणाऱ्याचा तोटा कोण भरून काढणार आहे, हे विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या कागदावर स्पष्ट लिहिलेली असतील, तेथे पेटी अजून शंभर कुटुंबांची आहे, मग तिची किल्ली कोणाच्याही कमरेला असो.